कानाची साक्ष

दोन हजार रुपयांच्या आत मिळणारे, कानाच्या आत बसणारे इअरफोन कोणते घ्यावेत यावर दोन शौकीन माणसं बोलू लागली, की थोड्याच वेळात विषय इअरफोनांचा राहत नाही. एक म्हणतो, याचा आवाज खरा. दुसरा म्हणतो, त्याचा. आधार विचारला तर दोघांचं उत्तर एकच असतं: मी स्वतः ऐकलंय. हे उत्तर आलं की वाद खुंटतो, कारण दुसऱ्याच्या कानांनी ऐकण्याची सोय कुणालाच नाही. मग ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणून सगळे उठतात. मला ही तडजोड मान्य नाही. एखाद्या वस्तूविषयी दावा करताना ‘मी ऐकलं’ एवढ्याने भागतं का, हा मूळ प्रश्न तिच्यात तसाच राहून जातो. आपल्याकडे या प्रश्नाचा खल शतकानुशतकं झाला आहे. ज्ञान झालं की ते खरं असल्याची ग्वाही त्याच्यातच असते, की ती बाहेरून मिळवावी लागते? मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला स्वतःप्रामाण्य-परतःप्रामाण्याचा वाद तो हाच. मीमांसकांना त्यातून वेदांचं प्रामाण्य राखायचं होतं, आणि वेदाची परीक्षा कुणी घरबसल्या घेऊ शकत नव्हता. इअरफोनची घेता येते, तीही थोडक्या पैशांत आणि एका संध्याकाळी. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढी किरकोळ वस्तू लावणं विजोड वाटेल. पण जिथे परीक्षा शक्य आहे तिथेच सिद्धान्ताचा कस लागतो, म्हणून मी ती निवडली आहे.

मीमांसकांची बाजू आधी नीट ऐकायला हवी, कारण ती भोळी नाही. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्त्तिका’त ती मांडली. प्रत्येक ज्ञानाला खरं ठरवायला दुसरं ज्ञान लागत असेल, तर त्या दुसऱ्याला तिसरं लागेल, तिसऱ्याला चौथं. याला अंत नाही. असा माणूस एक पाऊलही टाकू शकणार नाही. म्हणून ज्ञानावर मुळातच विश्वास ठेवायचा आणि तो दोनच प्रसंगी काढून घ्यायचा: ज्ञान ज्यातून उपजलं त्या कारणात दोष आहे असं कळलं तर, किंवा पुढच्या ज्ञानाने आधीचं खोडून काढलं तर. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, हा कारणाचा दोष. शिंपल्यात चांदी दिसली आणि हातात घेतल्यावर ती शिंपलीच निघाली, हा बाध. नैयायिकांना एवढं पुरत नाही. न्यायसूत्रकार गौतमाने प्रत्यक्षाचं लक्षण करतानाच ‘व्यभिचार न करणारं’, म्हणजे वस्तूपासून न ढळणारं, अशी अट घातली. आणि त्याच्या सूत्रांवरचं वात्स्यायनाचं भाष्य सुरूच होतं ते या मुद्द्यावर, की प्रमाणाचं सार्थक त्याच्या बळावर केलेली कृती फळाला येते तेव्हा ठरतं. पाणी दिसलं म्हणून पाणी आहे असं नाही. जाऊन प्यालात आणि तहान भागली, तर आहे. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने हा वाद पराकोटीच्या बारकाईला नेला. मला नैयायिकांची बाजू पटते. पण इथे ती गृहीत धरण्याचीही गरज नाही. मीमांसकांनी घातलेल्या अटींवरच निकाल लावला, तरी ‘मी ऐकलं’ ही साक्ष जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. कारण इअरफोन ऐकताना कारणातला दोष ही नुसती शंका नसते, तो माहीत असलेला असतो.

पहिला दोष आवाजाच्या पातळीचा. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की माणसाच्या कानाला सगळे स्वर सारख्याच प्रमाणात ऐकू येत नाहीत आणि हे प्रमाण पातळीबरोबर बदलतं. आवाज लहान असताना खर्ज दबतो. आवाज वाढवला की तो इतर स्वरांपेक्षा जास्त वेगाने वर येतो. आता दुकानात काय होतं ते पाहा. दोन इअरफोन एकामागून एक त्याच फोनला जोडले जातात, व्हॉल्यूम तोच ठेवून. पण प्रत्येक इअरफोनची संवेदनशीलता वेगळी असते, त्यामुळे त्याच व्हॉल्यूमवर एक दुसऱ्यापेक्षा दोन-तीन डेसिबल मोठा वाजतो. एवढा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवतोच असं नाही. तो ‘भरदार’, ‘मोकळा’, ‘जिवंत’ म्हणून जाणवतो, आणि ऐकणारा प्रामाणिकपणे सांगतो की हा इअरफोन जास्त चांगला आहे. त्याने जे ऐकलं ते खरंच ऐकलं. फक्त ते इअरफोनविषयी नव्हतं, व्हॉल्यूमविषयी होतं. दुसरा दोष डोळ्यांचा. कानाने ऐकलेलं आणि डोळ्याने पाहिलेलं यांत चार बोटांचं अंतर, असं आपण म्हणतो आणि डोळ्याच्या बाजूने कौल देतो. इथे कौल उलटा द्यावा लागतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली चाळीस जणांकडून काही स्पीकर्सना गुण देववले, एकदा स्पीकर समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून. गाणी तीच आणि ऐकणारेही तेच. दिसत असताना मोठ्या, भारदस्त स्पीकरचे गुण चढले आणि लहानशा प्लास्टिकच्या संचाचे घसरले. पडद्याआड हे अंतर बरंचसं मिटलं. तिसरा दोष स्मृतीचा. एक इअरफोन काढून दुसरा कानात बसवेपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात स्वराचा बारीक पोत मनात जसाच्या तसा राहत नाही. राहतं ते त्याविषयी आपण मनाशी केलेलं विधान. म्हणजे तुलना दोन श्रवणांची होत नाही. एका श्रवणाची आणि एका आठवणीची होते, आणि न्यायमतात स्मृती यथार्थ असली तरी ती प्रमा, म्हणजे प्रमाणातून झालेलं ज्ञान, नव्हे.

किमतीचा आधार घेणारे वेगळ्या वाटेने चुकतात. ‘महाग आहे, म्हणून चांगला असेल’ हे अनुमान आहे आणि अनुमानाला व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचं न चुकणारं साहचर्य, लागते. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती टिकते. जिथे अग्नी तिथे धूर, ही टिकत नाही, कारण लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. त्या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. किमतीच्या व्याप्तीची तपासणी २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी केली. कान झाकणारे, कानावर टेकणारे आणि कानात बसणारे असे मिळून २८३ हेडफोन त्यांनी घेतले, कोणता स्वर किती जोराने वाजतो याचे त्यांचे आलेख किमतीशी ताडून पाहिले आणि दोहोंत काही संबंध नाही असा निष्कर्ष काढला. व्यभिचार याहून स्पष्ट काय दाखवायचा? मग इथली उपाधी कोणती? ती म्हणजे जुळवणी, ज्याला सगळे ट्यूनिंग म्हणतात. माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती उघडी असताना तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपसूक वाढवते. आपण जन्मापासून जग याच वाढीसकट ऐकत आलो आहोत. इअरफोनची टोपी आत बसली की नळी बंद होते, तो अनुनाद हरवतो, आणि जे हरवलं ते बनवणाऱ्याने परत भरून द्यावं लागतं. किती भरायचं, कुठे भरायचं, आणि खर्ज किती ठेवायचा यावर इअरफोनचं बरंवाईट ठरतं. यासाठी सोनंचांदी लागत नाही. आतल्या पोकळीला ठेवलेली सुईएवढी छिद्रं, जाळीचा किंवा कागदाचा एक तुकडा आणि नळीची लांबी यांच्या हिशेबातून ते साधतं. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने १९९१ साली ‘ईआर-४’ काढला तेव्हा हा हिशेब मांडणारे मोजकेच होते आणि वस्तू महाग होती. २०२२ साली मूनड्रॉपचा ‘चू’ आणि सेव्हनहर्ट्झचा ‘सॅलनोट्स झीरो’ हे दोन चिनी इअरफोन साधारण वीस डॉलरला आले. दोघांत आवाज काढणारा दहा मिलिमीटरचा एकेकच ड्रायव्हर, आणि जुळवणी मात्र कित्येक पट महाग वस्तूंना लाजवणारी. ज्ञान पसरलं आणि किंमत उतरली, एवढाच याचा अर्थ.

आता सर्वांत जुना आक्षेप: आवडीला प्रमाण कसलं? यात दोन वाक्यांची गल्लत आहे. ‘मला हा आवडतो’ हे माझ्याविषयीचं वाक्य. त्यावर माझा शब्द अखेरचा आणि त्याला कुणी खोटं ठरवू शकत नाही. ‘हा चांगला आहे’ हे वस्तूविषयीचं वाक्य. ते बोलताक्षणी मी दुसऱ्याला काही सांगतो आहे, त्याने त्यावर पैसे खर्च करावेत असं सुचवतो आहे, आणि म्हणून त्याची परीक्षा मागण्याचा हक्क त्याला मिळतो. पहिल्या वाक्याची निश्चिती दुसऱ्याला जोडून देणं ही या सगळ्या वादातली मुख्य चूक आहे. शिवाय आवडी आपण समजतो तितक्या विखुरलेल्या निघत नाहीत. ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली कॅनडा, अमेरिका, चीन आणि जर्मनी या चार देशांतल्या २३८ जणांना कोणता हेडफोन कोणता हे कळू न देता ऐकवलं. वयं वेगळी, देश वेगळे, ऐकण्याचा सराव कमीजास्त. तरी पसंती बहुतेक एकाच ठिकाणी जमली, चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारख्या वाजणाऱ्या हेडफोनवर. पुढे २०१९ साली त्यांनी श्रोत्यांचे गट पाडले तेव्हा ६४ टक्के त्या मध्यावर होते, १५ टक्क्यांना त्याहून जास्त खर्ज हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे मतभेद आहे, पण तो मुख्यतः एकाच गोष्टीवर, खर्जाच्या प्रमाणावर. सेव्हनहर्ट्झने ‘सॅलनोट्स झीरो’नंतर पुढच्याच वर्षी ‘झीरो २’ काढला तो खर्ज वाढवून, हे या भेदाशी जुळतंच. कर्कश, सर्दी झाल्यासारखा किंवा डब्यातून आल्यासारखा आवाज मात्र यांतल्या कुठल्याच गटाला नको होता. आवडीला जागा आहे, पण तिला कुंपण आहे.

या प्रयोगांवर एक आक्षेप मी स्वतःच घेईन. त्या चार देशांत भारत नव्हता, आणि ऐकवलेलं संगीतही ख्याल किंवा भजनाचं नव्हतं. आपल्या कानाची नळी त्यांच्याहून वेगळी नाही, त्यामुळे तीन हजार हर्ट्झच्या वाढीचा मुद्दा जसाच्या तसा लागू पडतो. खर्जाच्या प्रमाणाविषयी मात्र मी तेवढ्या खात्रीने बोलणार नाही. डग्ग्याचा घुमारा आणि बेस गिटारची धडक या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीसाठी ठरवलेलं माप दुसरीला बसेलच असं नाही. व्याप्ती जिथवर तपासली तिथवरच ती वापरायची.

आणखी एक गोष्ट अशा प्रयोगांतून निघते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ऑलिव्ह यांनी २००३ साली सरावलेले आणि न सरावलेले श्रोते स्पीकरच्या चाचणीत शेजारी ठेवून पाहिले. दोघांनी लावलेला क्रम जवळपास सारखाच आला. फरक एवढाच, की सरावलेला श्रोता पुन्हा विचारलं तरी तेच उत्तर देतो आणि बारीक भेद जास्त स्पष्टपणे दाखवतो. काव्यमीमांसक अभिनवगुप्ताने सहृदयाचं, म्हणजे जाणत्या रसिकाचं, वर्णन करताना काव्याच्या सततच्या परिशीलनाने आरशासारखं स्वच्छ झालेलं मन असं म्हटलं आहे. आरसा स्वच्छ केल्याने चेहरा बदलत नाही. साधनेने माणसाला वेगळी, वरच्या जातीची आवड मिळते, ही समजूत शौकिनांच्या जगात फार पक्की आहे. पुरावा सांगतो की साधनेने आवड बदलण्यापेक्षा स्थिर होते. म्हणूनच परीक्षण लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्याच्या मोठमोठ्या विशेषणांवरून ठरवू नये. वात्स्यायनाने आप्ताचं, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं त्याचं, लक्षण सांगितलं ते असं: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांनाही हेच लक्षण, असंही तो स्पष्ट म्हणतो. ज्याला विक्रीवर दलाली मिळते त्याची इच्छा कुठे वळली आहे, हे याच लक्षणावर तपासायचं.

मापनावर विश्वास ठेवावा असं म्हटलं, की संगीताची माणसं दुखावतात. आलेखात राग कुठे आहे, असं ते विचारतात. आलेखात राग नाही, हे खरंच आहे, आणि कुणी तो तिथे शोधूही नये. आलेख सांगतो ते एवढंच, की राग तुमच्यापर्यंत पोहोचताना वाटेत काय वाढलं आणि काय गळलं. त्याहून भेदक आक्षेप वेगळा आहे: पोहोचताना कशाच्या तुलनेत? ध्वनिमुद्रण हे मूळ मैफलीची नक्कल नव्हेच. मायक्रोफोन कुठे ठेवला, अभियंत्याने कुठल्या स्पीकरवर ऐकून तोल साधला, ते स्पीकर कुणी कशाच्या आधारे निवडले, असं मागे मागे गेलं तर माणूस पुन्हा पहिल्या जागी येतो. टूल यांनी या चक्राकडे फार पूर्वी बोट दाखवलं आहे. मूळच नाही, तर प्रामाणिकपणा कुणाशी राखायचा? मला वाटतं याचं उत्तर गाणाऱ्यांना इतरांहून आधी सुचायला हवं. आपल्या संगीतात षड्ज कुठलाही घेता येतो. कुणी काळी एक धरतो, कुणी काळी चार. निसर्गाने ठरवून दिलेला असा एकच सा नाही. पण एकदा सा लावला की गंधार कुठे आहे हे मतावर राहत नाही, तो लागतो किंवा लागत नाही. चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरचा तोल हा इअरफोनच्या जगातला असा लावून घेतलेला षड्ज आहे. तो करारातून आला म्हणून मनमानी ठरत नाही. मुद्रण करणारे बहुतांशी त्याच सुमाराच्या तोलावर ऐकतात, म्हणून त्याच तोलावर ऐकलं तर त्यांनी जे ठेवलं ते आपल्याला मिळण्याची शक्यता सर्वाधिक. संकेत माणसाने केलेला, पण संकेत ठरल्यानंतरचं खरंखोटं माणसाच्या हातात नाही.

हे तंबोऱ्यावर घासून पाहता येतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सत्तरच्या जरा खाली. फोनच्या स्वतःच्या बारक्या स्पीकरमधून सत्तर हर्ट्झ जवळजवळ निघतच नाहीत, तरीही त्यावर तंबोरा लावला तर खर्जाची तार खर्जाचीच ऐकू येते. तिचे वरचे स्वरांश, म्हणजे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे, कानाला मिळतात आणि त्यांवरून मेंदू खालचा सा स्वतः जुळवून घेतो. म्हणजे ‘मला ऐकू येतंय’ या वाक्यातला मोठा भाग बाहेरून आलेलाच नसतो. नैयायिक प्रत्यक्षात असा तर्काचा अंश मान्य करणार नाहीत, याची मला कल्पना आहे. तरी श्रवणाचं हे रूप त्यांच्याच निष्कर्षाला बळ देतं, कारण जे ज्ञान न सांगता भर घालतं त्याची बाहेरून तपासणी अधिकच आवश्यक. आता जवारी ऐका. तारेखाली सुताचा दोरा योग्य जागी सरकला की जो झणत्कार उमलतो, तो मुख्यतः या वरच्या स्वरांशांचा खेळ. ज्या इअरफोनमध्ये तीन-चार हजारांच्या आसपास खड्डा आहे त्यावर जवारी मिटलेली वाटते, तंबोऱ्यांची जोडी असूनही एकच वाजत असल्यासारखी. ज्यात त्याच जागी गरजेपेक्षा जास्त उंचवटा आहे त्यावर ती कानाला टोचते. तबल्याचंही तसंच. शाईमुळे तबल्याचे स्वरांश एकमेकांशी सुसंवादी होतात, असं चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मधून दाखवलं. खर्ज फुगवलेल्या स्वस्त इअरफोनवर डग्गा पसरतो, चाटीचा स्वर बुजतो, आणि तबला सुरात लावलेला आहे की नाही हेच कळेनासं होतं. विलंबित एकतालाची दोन आवर्तनं ऐकली तरी हा फरक सापडतो. सापडल्यावर त्याला ‘आवड’ म्हणणं म्हणजे गंधार उतरलेला असताना ‘मला असाच आवडतो’ म्हणणं.

मग मापनाचं मापन कुणी करायचं? कुमारिलांची अनवस्था, म्हणजे पडताळणीची ती न संपणारी साखळी, इथे परत येते आणि तिला टाळून चालणार नाही. मोजणारं यंत्र म्हणजे कानाच्या नळीची धातूची प्रतिकृती. तिच्या रचनेचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलेलं आहे, पण आठ-दहा हजार हर्ट्झच्या पुढे तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही, कारण टोपी किती खोल बसली यावर तिथले शिखर-खड्डे सरकतात. म्हणजे यंत्रालाही दोष आहे. पण दोषाची जागा माहीत असणं आणि दोष कुठे आहे याचा पत्ताच नसणं, या दोन अवस्था सारख्या नाहीत. शंका कुठे थांबवायची याचं उत्तर नैयायिक उदयनाचार्यांनी दिलं आहे: शंकेची हद्द व्याघातापर्यंत. जी शंका धरून बसलं तर आपलंच वागणं आपल्याला खोटं पाडतं, ती शंका पुढे न्यायची नाही. समजा, दोन इअरफोन घेऊन, मोजणाऱ्या ॲपने किंवा निदान जितका जमेल तितका नीट व्हॉल्यूम सारखा करून, त्याच गाण्याचे तेच वीस सेकंद पुन्हा पुन्हा ऐकले, आणि दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी निकाल तोच आला. स्वतंत्रपणे मोजणाऱ्या दोघांचे आलेखही त्याच बाजूने निघाले. तर त्यापुढची शंका तात्त्विक शुद्धतेसाठी जपावी, पण ती खरेदी अडवू शकत नाही. संपूर्ण आंधळी चाचणी घरी होत नाही, हे मान्य; टोपीचा स्पर्श आणि वायरचं वजन गुपित फोडतात. ऑलिव्ह यांनी २०१७ साली तीस इअरफोन ७१ जणांकडून तपासून घेतले तेव्हा हीच अडचण होती. म्हणून त्यांनी एकच इअरफोन सगळ्यांच्या कानात ठेवला आणि इतरांचा तोल त्यात गणिताने उतरवून ऐकवला. परीक्षा घरात एवढी कडक होणार नाही. पण ढिली परीक्षा आणि परीक्षाच नाही यांत फार मोठं अंतर आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की मग प्रत्येकाने आलेख पाहून एकच इअरफोन घ्यावा. व्यक्तीला स्थान उरलंच नाही. उरतं, आणि ते आवडीहून भक्कम आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण, आणि श्रोत्र म्हणजे कानाच्या पाळीने व नळीने, त्यांच्या शब्दांत कर्णशष्कुलीने, वेढलेलं आकाशच. भौतिकशास्त्र म्हणून हे आज कुणी मानणार नाही. पण ऐकण्याचं साधन हे एका विशिष्ट पोकळीने मर्यादित झालेलं असतं आणि ती पोकळी ज्याची त्याची असते, ही त्यातली गोष्ट इअरफोनच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. टोपी नळीत घट्ट बसली नाही तर फटीतून खर्ज निसटतो. थोडाथोडका नाही, डग्गा जवळजवळ नाहीसा होण्याइतका. एकाच इअरफोनला एक माणूस ‘भरीव’ म्हणतो आणि दुसरा ‘पातळ’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा दोघांचीही साक्ष खरी असते, कारण त्यांच्या कानांत वाजलेल्या गोष्टीच दोन होत्या. बारीक नळीच्या व्यक्तीला नावाजलेल्या इअरफोनची नळी आतच जात नसेल, तर तिच्यासाठी साध्या, अरुंद बांध्याचा, लहान टोपीचा इअरफोन खरोखर चांगला आहे. हे तिचं मत नाही. टोपी बोटाने हलकेच दाबून धरल्यावर खर्ज एकदम वाढला, तर फट होती, हे तिला तिथल्या तिथे कळतं. व्यक्तीप्रमाणे बदलणारं सत्य आणि व्यक्तीच्या मर्जीवर चालणारं सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या वादात त्यांची सरमिसळ मला सर्वांत जास्त खटकते.

तसंच ठिकाणाचं. हे इअरफोन मुख्यतः चालता-फिरता ऐकायचे असतात. लोकलच्या डब्यातला गोंगाट बराचसा खालच्या पट्टीतला असतो आणि तो गाण्यातला खर्ज झाकून टाकतो. घरी बेताचा वाटणारा तोल विरार गाडीत पातळ वाटतो, आणि घरी फुगीर वाटणारा तिथे सुसह्य होतो. म्हणून जास्त खर्जाचा इअरफोन घेणाऱ्या प्रवाशाला अडाणी ठरवणारे त्याच्या जागेचा विचार करत नाहीत. पण त्याच्यासाठी याहून चांगला उपाय आहे: फोमच्या टोप्या, ज्या बाहेरचा आवाज सिलिकॉनपेक्षा सहसा जास्त अडवतात. गोंगाट अडला की खर्ज वाढवावा लागत नाही आणि व्हॉल्यूमही चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल ही आहे, आणि पातळी तीन डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. कानाचं हे नुकसान भरून येत नाही. साधनच बिघडलं तर पुढच्या प्रत्येक साक्षीत तो दोष असेल, आणि त्यावर कुठलाही सिद्धान्त इलाज करू शकणार नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मायेपोटी घेतला जातो. एखाद्याला महागडा इअरफोन लावल्यावर जास्त आनंद होत असेल, तर भ्रमातला का होईना, आनंद खरा आहे. तो हिरावून काय मिळवायचं? आनंद खरा आहे, यावर वाद नाही. पण तो कशाचा आहे, हे विचारायला हवं. किंमत झाकली की जो आनंद ओसरतो, तो किमतीविषयीचा होता. गाण्याचा आनंद त्याच्या मागे कुठेतरी होता आणि ऐकणाऱ्याला त्या आनंदाची ओळखही झालेली नव्हती. त्याच माणसाला वीस डॉलरच्या वस्तूत तंबोऱ्याची जोडी वेगवेगळी ऐकू येते असं दाखवून दिलं, तर त्याच्याकडून काही काढून घेतलं जात नाही. आणि ज्याच्याकडे खर्च करायला दोन हजारांपलीकडे काही नाही त्याला आज सांगितलं जातं, की खरं संगीत तुझ्या ऐपतीबाहेर आहे. हे सांगणं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मोजून दाखवता येतं.